भाजीच्या ग्रुपची मालकीण

ब्यान सूछिनला जन्मात कुणी मालकीण म्हटलं नव्हतं. कारखान्यात ती तपासनीस होती, घरात हाओची बायको होती, आणि साठी उलटल्यावर पाच नंबर इमारतीतली ब्यान ताई झाली. तिच्याकडे मालकी आली ती कोबीमुळे.

आमची वसाहत एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याची. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, पण हुआय नदीच्या या बाजूला अजूनही कुणी पत्ता विचारला तर लोक 'एनॅमलवाल्यांकडे' एवढंच सांगतात. महामारीच्या वर्षी वसाहतीचं फाटक निळे पत्रे ठोकून बंद केलं, ते एकेचाळीस दिवस. घाऊक भाजीवाला तीस घरांहून कमी मागणी असली तर गाडी पाठवायला तयार नव्हता. तेव्हा ब्यान ताईने फोनवर ग्रुप काढला आणि तोंडाला मास्क लावून, हात लांब करून, दारोदार फोन दाखवत फिरली. सगळ्यांत आधी तिने लुओ क्वेइश्यांगला घेतलं. लुओ खालच्या मजल्यावर राहायची, आणि तपासणीच्या बाकावर दोघी बावीस वर्षं शेजारी बसलेल्या. लुओ डाव्या हाताला नसली की ब्यान ताईला कुठल्याच कामाला सुरुवात झाल्यासारखी वाटत नसे. तिसरा त्साओ मिस्त्री, कारण त्याच्याकडे हातगाडी होती. चौथा मी, कारण मी जिन्यात उभा होतो. असं करत करत आकडा तीनशे बारावर गेला. ही क्रमवारी आम्ही कुणी लक्षात ठेवली नाही. फोनने ठेवली.

आमच्याकडे ग्रुप काढणाऱ्याला मालक म्हणतात. मालकाला पगार नसतो, खुर्ची नसते. ग्रुपमध्ये कुणी काही भलतंसलतं बोललं तर त्याचा जाब मात्र मालकाने द्यायचा असतो. हे सगळ्यांना माहीत होतं. पण कोबीबद्दल भलतंसलतं काय बोलणार, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

ब्यान ताईने ग्रुप चालवला तो बाकावर बसल्यासारखा. एनॅमलचं घंगाळ तपासायचं म्हणजे आधी ते उजेडाकडे धरायचं, काठावरून बोट फिरवून बघायचं, मग मधल्या बोटाच्या सांध्याने टिचकी मारून आवाज ऐकायचा. चांगला माल उजवीकडे. टवका उडालेला, काळा ठिपका पडलेला माल डावीकडे. तो दुसऱ्या दर्जाचा म्हणून आम्हालाच स्वस्तात मिळायचा, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या घरी जन्मभर दुसऱ्या दर्जाचीच भांडी. बाकावर बोलायची पद्धत नव्हती. भट्टीच्या आवाजात ऐकूही आलं नसतं. उजवीकडे की डावीकडे, तेवढ्यावर निकाल लागायचा. एका वर्षी प्रांताच्या कुठल्याशा संमेलनासाठी दोनशे घंगाळं निघाली होती, तळाला जोडमासे रंगवलेली. ब्यान ताईने दोनशेच्या दोनशे डावीकडे सरकवली. फोरमनने हात जोडले, वरून फोन आला, पाहुणे स्टेशनवर उतरल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मासा आंधळा आहे. डोळ्यात ठिपका आहे." घंगाळं गेली नाहीत. फोरमनची बढती गेली. त्या बाईने भाजीवाल्याचा कोबी तीनदा परत पाठवला यात काही नवल नाही.

पत्रे निघाले, पण ग्रुप राहिला. त्यावर अंडी आली, हरवलेली मांजरं आली, गळके नळ आले. आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यावर चेहरे आले.

वसाहतीची देखभाल करणाऱ्या कंपनीने नोटीस लावली की एक तारखेपासून फाटकाची कार्डं बंद; यापुढे फाटक चेहरा बघून उघडेल. फाटकापाशी छत्रीखाली टेबल मांडलं. ज्याने चेहरा दिला, त्याला खाद्यतेलाची बाटली. लोक रांगेत उभे राहिले. काहींनी विचारलं, नातवाचाही चेहरा दिला तर दुसरी बाटली मिळेल का.

फान मास्तरांनी ग्रुपवर लिहिलं की हे चेहरे जातात कुठे, ठेवतं कोण, आणि बघतं कोण, एवढं कंपनीने लेखी द्यावं. फान मास्तर कारखान्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना समोर वर्ग नव्हता, आता तीनशे बारा जणांचा मिळाला. त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण टाकलं: चेहरा न देणाऱ्याला आत जायची दुसरी सोय ठेवलीच पाहिजे, असा नियम आहे.

त्साओ मिस्त्रीने उत्तर दिलं, "मास्तर, तुमचा चेहरा चोरून कोण काय करणार? वहिनींनीसुद्धा वीस वर्षांत नीट बघितला नसेल."

यावर चौतीस जणांनी हसणारी तोंडं टाकली. मग मिस्त्रीला जोर चढला. ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती, असं त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं. फान मास्तरांनी त्याला विचारलं की मग संडासाचं दार काढून का ठेवत नाहीस, आत तू काही गुन्हा तर करत नाहीस. मिस्त्री म्हणाला, ती वेगळी गोष्ट. मास्तर म्हणाले, वेगळी कशी ते सांग. दोन दिवस वसाहतीत संडासाच्या दारावर जी चर्चा झाली ती ऐकून कुणालाही वाटलं असतं की ही विद्वानांची वसाहत आहे. सात नंबरमधल्या एका बाईने लिहिलं की कॅमेऱ्यामुळे तिची चोरीला गेलेली सायकल सापडली. दुसऱ्या कुणी लिहिलं की सायकल सापडली हे खरं, पण गॅसच्या दराबद्दल बोलायला आपण वसाहतीतल्या मंडपाखाली बसायला लागलो त्याच आठवड्यात कॅमेऱ्याचं तोंड मंडपाकडे कसं वळलं? हे वाक्य तासाभराने दिसेनासं झालं. कुणी काढलं ते कळलं नाही. मग लोक त्यावर भांडले, की वाक्य होतं की नव्हतं.

ब्यान ताई या सगळ्यात एकदाच बोलली. एका मंगळवारी दुपारी तिने लिहिलं, 'फान मास्तर म्हणतात त्यात तथ्य आहे.' आणि दोन मिनिटं व्हायच्या आत परत घेतलं. दोन मिनिटांत परत घेतलेलं आमच्या फोनवर न बोलल्यासारखंच असतं, अशी आमची समजूत.

परत घेण्याला कारण होतं. तिचा मुलगा झेनयू एकतीस वर्षांचा. सरकारी नोकरीची परीक्षा त्याने चौथ्यांदा दिली होती आणि या वेळी लेखीत पास झाला, मुलाखतीतही पास झाला. तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात एक जागा, उमेदवार दोन. आता राहिली होती ती घरादाराची पडताळणी: आईबाप कोण, काय करतात, कुठे काही नोंद आहे का. हाओंच्या घरात त्या दिवसांत कढई ठेवतानासुद्धा आवाज होत नसे. झेनयू आईला म्हणाला होता, "आई, महिनाभर आपण कुणाला दिसायला नको." चेहरा मात्र तिने पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. तेलाची बाटली अजून फोडली नव्हती.

आणि फान मास्तरांनी लिहिलं: रविवारी सकाळी नऊ वाजता फाटकापाशी जमू, कंपनीला पत्र देऊ, ज्यांना पटतं त्यांनी नुसतं उभं राहावं. सेहेचाळीस जणांनी हात वर केल्याचं चित्र टाकलं.

शुक्रवारी ब्यान ताईला पोलीस चौकीवरून फोन आला. याला आमच्याकडे चहाला बोलावणं म्हणतात. चहा कुणी देत नाही. कागदी पेल्यात गरम पाणी देतात आणि ते निवेपर्यंत बोलतात. हे सगळं मी तिच्या तोंडून महिनाभराने ऐकलं. अधिकारी झेनयूच्याच वयाचा, वागायला सभ्य. त्याने तिला मावशी म्हटलं, बसायला गादीची खुर्ची दिली.

"मावशी, ग्रुप तुमचा आहे ना?"

"भाजीचा आहे," ती म्हणाली.

"भाजीचाच राहू द्या की मग."

त्याने कागद पुढे ठेवला. त्यात कोण कधी काय बोललं ते तारीखवार छापलेलं होतं, आणि मंगळवारच्या दुपारी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून, तिचं ते परत घेतलेलं वाक्य होतं. ब्यान ताई म्हणाली, हे तर मी काढून टाकलं होतं. तो म्हणाला, हो, काढलेलं दिसतंय. वाक्यासमोर तसं लिहिलेलंही होतं. मग त्याने सांगितलं की फान यांना ग्रुपमधून काढा, रविवारचं रद्द झालं म्हणून लिहा, बाकी काही नाही. निघताना दारापर्यंत सोडायला आला. "मुलाचं काम होत आलंय म्हणे. चांगलं आहे. तुमच्यासारख्या जुन्या कामगारांच्या घरात एक तरी सरकारी माणूस हवाच."

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ ती फोनवरच्या फान मास्तरांच्या चित्रावर बोट ठेवून बसली होती. झेनयू पदार्थविज्ञानात नापास व्हायचा तेव्हा याच मास्तरांनी दोन हिवाळे रोज दुपारी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. शिकवणीचं नाव काढलं तर म्हणायचे, मला चुलीपाशी बसायला निमित्त हवं असतं. ते नसते तर झेनयू आज टायरच्या दुकानात असता आणि त्याची पडताळणी करायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. मास्तरांना काढणं तिला जमेना. न काढणंही जमेना.

मग तिला तिसरी वाट सुचली. कारखाना बंद पडायच्या आधी वर्षभर आम्हाला संचालकच नव्हता. जुना गेला, नवा आला नाही. आम्ही रोज जायचो, हजेरी लावायचो, घंगाळं निघायची, आणि कुठल्याही गोष्टीचा जाब कुणालाच विचारता यायचा नाही. वरून पत्रं यायची ती 'संचालक' या नावाने, आणि तशीच न फोडता कपाटात पडायची. ब्यान ताईला वाटलं, ग्रुपचंही तसंच होईल. मालकीण निघून गेली की ग्रुप बिनमालकाचा. फान मास्तर राहतील, झेनयू राहील, आणि जाब विचारायला कुणी उरणार नाही. शनिवारी दुपारी, भात वाफेला ठेवून, ती ग्रुपमधून बाहेर पडली. बाहेर पडणाऱ्याची वर्दी आमच्या फोनवर बाकीच्यांना जात नाही. तीनशे अकरा जणांपैकी कुणालाही काही कळलं नाही.

एकीला कळलं. मालक गेला की मालकी आपोआप दुसऱ्या नंबरवर आलेल्याकडे जाते. आमच्या पिढीतल्या कुणाला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं; आम्ही कुठल्याच गोष्टीतून आपण होऊन कधी बाहेर पडलो नव्हतो.

लुओ माझ्याकडे आली ती दोन्ही हातांत फोन धरून, गरम भांडं धरावं तसा. "वाचा बरं हे नीट. मला वाटतंय तेच लिहिलंय का?"

तेच लिहिलं होतं. तुम्ही आता या ग्रुपच्या मालक आहात.

एवढा आनंद मी तिच्या तोंडावर फार वर्षांनी पाहिला. फोन ती दोनच गोष्टींसाठी वापरायची: भाजी, आणि मुलगा. मुलगा मालवाहू जहाजावर आचारी. बंदराला लागला की बोलून पाठवायचा, आज काय रांधलं, कोण आजारी आहे, समुद्र कसा आहे. सात वर्षांचं असं त्याचं बोलणं तिच्या फोनवर होतं. रोज सकाळी पेज पिताना ती त्यातलं एखादं लावायची, जुनं असलं तरी. सूछिनच्या घरी सध्या मुलाची गडबड, म्हणून तिने हे काम आपल्यावर सोपवलं, अशी लुओने समजूत करून घेतली. वर जाऊन विचारलं नाही. बावीस वर्षं शेजारी बसून एकमेकींना असलं काही विचारायची त्यांना सवयच नव्हती.

"नवीन मालकाने चार शब्द लिहायला हवेत ना," ती म्हणाली. "तुम्ही लिहा, मी सांगते. लिहा: सगळ्यांनी मनात असेल ते बोलावं. कुणी कुणावर रागावू नये." मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, "उद्या थंडी आहे. फाटकापाशी येणाऱ्यांनी टोप्या घालून यावं."

मी लिहिलं. कारखान्याच्या वाचनालयात तीस वर्षं काढलेला माणूस, स्वल्पविरामही नीट दिले. वाचून दाखवलं. तिने स्वतःच्या बोटाने ते पाठवलं. आज मला विचाराल तर एवढंच सांगेन, की या ग्रुपवर इतकं शहाणं वाक्य त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं.

रविवारी सत्तावीस जण आले. सगळे टोप्या घालून. फान मास्तरांनी पत्र वाचलं. ऐकायला फाटकावरचा रखवालदार होता, कंपनीचा साहेब व्याह्यांकडे गेला होता. वीस मिनिटांत आटोपलं. समोरच्या गाडीवर सगळ्यांनी सोयाबीनचं गरम दूध प्यायलं, तेलात तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या खाल्ल्या आणि घरी गेले. फान मास्तर म्हणाले, इतिहासात अशीच सुरुवात होते. त्साओ मिस्त्री गॅलरीतून बघत होता.

सोमवारी लुओला बोलावणं आलं. ती चार तास आत होती. अधिकारी तोच, पाणीही तेवढंच गरम. मनात असेल ते बोलावं, हे लिहायला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही, हे मला नंतर कळलं.

"आणि टोप्या का घालायला सांगितल्या? चेहरे झाकायला?"

"थंडी होती म्हणून."

त्याने लिहून घेतलं: उद्देश नाकारते. तिच्याकडून एका कागदावर अंगठा घेतला, भिंतीपाशी उभं करून फोटो काढला, समोरून एक, दोन बाजूंनी दोन. तिथेच बसून ग्रुपमधून बाहेर पडायला लावलं. आणि तिचं फोनवरचं खातं कायमचं बंद केलं. ती म्हणाली, त्यात माझा मुलगा आहे. तो म्हणाला, मावशी, नवीन खातं काढता येतं. ती म्हणाली, नवीन नको, त्यातलं हवंय. त्याला काय म्हणायचंय ते कळेना. त्याच्या कागदावर तशी ओळ नव्हती.

ती चौकीच्या पायऱ्या उतरायच्या आत मालकी तिसऱ्या नंबरकडे, म्हणजे त्साओ मिस्त्रीकडे गेली होती. ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती, असं मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्या मिस्त्रीने चार मिनिटांत ग्रुप मोडून टाकला. नंतर मला म्हणाला, बोट चुकून लागलं. मोडायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं.

फान मास्तरांना कुणीच बोलावलं नाही. त्यांनी आठवडाभर पिशवी भरून ठेवली होती, त्यात दात घासायचा ब्रश आणि चष्म्याची जादा काडी. कुणी आलं नाही. सगळ्या प्रकरणात हा अपमान त्यांना सर्वांत जास्त लागला.

मंगळवारी लुओ भाजी घेऊन फाटकापाशी आली. एक तारीख उलटून गेली होती, कार्ड चालत नव्हतं. छत्रीखालच्या टेबलापाशी ती कधी गेलेली नव्हती. तेलाची बाटली तिला मिळाली नव्हती. मागून कुणी येईल, त्याच्याबरोबर आत शिरू, म्हणून ती थांबली. फाटक आपणहून उघडलं आणि त्यातल्या यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, घरी आपलं स्वागत आहे.

पुढच्या महिन्यात झेनयूची पडताळणी पार पडली. कुठेही नोंद नाही. ज्या दिवशी कागद आला त्या संध्याकाळी मी लुओकडे होतो, माझ्या फोनवरून तिच्या मुलाला निरोप पाठवायला. त्याचं जहाज कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं, आणि नवीन नंबरवरून आलेला निरोप आईचा आहे यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. दार वाजलं. ब्यान ताई. हातात घंगाळ, त्यावर फडकं, खाली पातीच्या सारणाचे डम्पलिंग, वाफाळलेले. आत यायला सांगेपर्यंत ती उंबऱ्यातच उभी राहिली. पूर्वी कधी राहायची नाही.

"झालं का झेनयूचं?" लुओने विचारलं.

"झालं."

"बरं झालं."

मी उठायला लागलो तर लुओ म्हणाली, बसा हो, तुमचा फोन वाजेल. ब्यान ताईने घंगाळ टेबलावर ठेवलं आणि फडक्याची टोकं सारखी करत राहिली. चौकीतली सगळी हकीकत तिने तिथेच उभ्याने सांगितली, कागद, परत घेतलेलं वाक्य, दारापर्यंतचा निरोप, मास्तरांच्या चित्रावर ठेवलेलं बोट, बिनसंचालकाचं वर्ष. लुओ ऐकत होती. तिला यातलं निम्मं चौकीतच कळलं होतं. अधिकाऱ्याने तिलाही तो छापील कागद दाखवला होता, आणि त्यात शुक्रवारी कोण येऊन गेलं तेही होतं.

"मला ठाऊक नव्हतं गं, ते तुझ्याकडे जाईल," ब्यान ताई शेवटी म्हणाली.

"मग कुणाकडे जाईल वाटलं होतं?"

"कुणाकडेच नाही."

"असं कुठे असतं का, सूछिन," लुओ म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव विचारावा तशी बोलली.

मग ती उठली. डम्पलिंग तिने आपल्या परातीत काढून घेतले, एकेक, न फोडता. त्यातले दोन माझ्यापुढे ठेवले. घंगाळ धुतलं, पुसलं. आणि सवयीने, का मुद्दाम, ते मला सांगता येणार नाही, खिडकीच्या उजेडाकडे धरलं. काठावरून बोट फिरवलं. मधल्या बोटाच्या सांध्याने टिचकी मारली आणि आवाज संपेपर्यंत ऐकलं. आत तळाला जोडमासे होते. त्या दोनशेमधलंच ते एक, फोरमनची बढती घालवणारं.

ब्यान ताई तिच्या हाताकडे बघत होती. बावीस वर्षं तिने तोच हात बघितला होता.

लुओने घंगाळ टेबलावर ठेवलं. डाव्या बाजूला.

ब्यान ताईने ते उचललं, फडकं घडी करून आत टाकलं आणि जिना चढून गेली. माझा फोन वाजला. जहाजावरून होता. लुओच्या मुलाने विचारलं होतं, तुम्ही खरंच माझी आई असाल तर सांगा, मी लहानपणी कुठल्या रंगाच्या वाटीत जेवायचो.

लुओने पुढे झुकून ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "पांढरी," ती म्हणाली. "निळ्या काठाची. टवका उडालेली. तसंच लिहा."